खून गावात, उत्तर स्वयंपाकघरात: कोझी रहस्यकथांची पार्श्वभूमी

१९२७ च्या डिसेंबरात ‘रॉयल मॅगझिन’ या इंग्रजी मासिकात अगाथा ख्रिस्तीची एक कथा आली. एका घरात रात्रीच्या जेवणाला तिघं बसतात. डब्यातला लॉबस्टर, सॅलड, मग ट्रायफल, पाव आणि चीज. रात्री तिघांनाही त्रास सुरू होतो. दोघं सावरतात, घरची बाई जाते. लॉबस्टरच्या डब्याला दोष देऊन सगळे मोकळे होतात. पुढे प्रेत उकरून तपासलं जातं आणि त्यात आर्सेनिक सापडतं. हे कोडं ज्या खोलीत मांडलं जातं तिथे स्कॉटलंड यार्डचा निवृत्त आयुक्त आहे, वकील आहे, पाद्री आहे, लेखक आहे, चित्रकर्ती आहे. सगळे आपापली अक्कल लढवतात. उत्तर देतात त्या विणत बसलेल्या म्हाताऱ्या मिस मार्पल. गावात पूर्वी घडलेलं एक प्रकरण त्यांना आठवतं आणि स्वयंपाकघरातली एक अगदी साधी गोष्ट त्यांना ठाऊक असते, जी बाकी कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मिस मार्पल यांची ही पहिली कथा. छोटं गाव, हौसेने शोध घेणारी बाई, रक्तपात पडद्याआड आणि शेवटी चार पाककृती, अशा पुस्तकांना आज कोझी मिस्ट्री म्हणतात. त्यांच्याकडे वेळ घालवायचं हलकंफुलकं वाचन म्हणून बघायची पद्धत आहे. मला ती मुळीच मान्य नाही. खाणं या कथांत नंतर कुणी आणून घातलेलं नाही. रोज ज्यांच्या हातचं खातो त्यांच्यावर विश्वास टाकायचा की नाही, या भीतीतूनच हा प्रकार वाढला.

त्या भीतीला काळ कारण होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे सात लाखांहून अधिक सैनिक मेले. गावोगावी एकट्या राहिलेल्या बायका होत्या. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं आणि त्यांचं मात्र सगळ्यांकडे होतं. अशी शोधक बाई अगदीच नवी नव्हती. अमेरिकेत ॲना कॅथरीन ग्रीन या लेखिकेने १८९७ मध्येच अमेलिया बटरवर्थ नावाची चौकस प्रौढा उभी केली होती. पण गाव, विष आणि जेवण यांची मोट बांधली ती ख्रिस्तीने. युद्धकाळात टॉर्कीच्या इस्पितळात तिने आधी शुश्रूषा केली, मग औषधं तयार करण्याच्या विभागात काम केलं आणि १९१७ मध्ये त्याची परीक्षाही दिली. विषं तिने तिथे हाताळली. १९२० मध्ये पहिली कादंबरी आली, तेव्हा त्यातल्या विषाच्या बिनचूक तपशिलाचं कौतुक औषधशास्त्राच्या व्यावसायिक नियतकालिकाने केलं. पुढे १९५३ च्या एका कादंबरीत तर न्याहारीच्या संत्र्याच्या मार्मालेडमध्ये यू झाडापासून मिळणारं टॅक्सीन कालवलेलं आहे. घरातलं दुसरं कुणी तो मार्मालेड खात नाही, हे ठाऊक असलेल्या माणसाचं ते काम. म्हणजे कोण काय खातं, काय टाळतं, कुणाला कशाची आवड, हीच खरी माहिती. ती पोलिसांच्या वहीत नसते, घरात वाढणाऱ्या बाईजवळ असते.

१९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. शोधकाला जो धागा मिळेल तो त्याच क्षणी वाचकासमोर ठेवायचा, कुणाला माहीतच नाही असं विष वापरायचं नाही, असे ते नियम. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये लेखकांचा डिटेक्शन क्लब निघाला आणि खेळ सचोटीने खेळायचा हे जणू ठरून गेलं. पाककृतीची नैतिकता हीच आहे. आपल्याकडे प्रत्येक गल्लीत एखादी बाई असते, जी कृती सांगताना एक जिन्नस हटकून गाळते. सगळा मोहल्ला तिला ओळखून असतो आणि तिच्यावर कुणाचा विश्वास नसतो. सगळे जिन्नस मांडून ठेवायचे, क्रम सांगायचा, उत्तर ज्याचं त्याने काढायचं. रहस्य आणि पाककृती एका पुस्तकात सुखाने नांदतात त्यामागे मला हे कारण दिसतं.

मधल्या काळात अमेरिकन रहस्यकथेत शहरं, गल्ल्या आणि पिस्तुलं आली आणि गाव मागे पडलं. ते परत आलं १९८० नंतर. व्हर्जिनिया रिच या लेखिकेने १९८२ मध्ये स्वयंपाकाच्या वर्गात घडणाऱ्या खुनांची कादंबरी लिहिली. १९८४ मध्ये अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर मेन राज्यातल्या कॅबट कोव्ह या काल्पनिक गावातल्या, खुनांचा शोध लावणाऱ्या जेसिका फ्लेचर अवतरल्या आणि अँजेला लॅन्सबरी यांनी ती भूमिका १९९६ पर्यंत बारा हंगाम केली. १९८९ पासून वॉशिंग्टनजवळ या परंपरेच्या लेखक-वाचकांचा वार्षिक मेळावा भरू लागला. तिथल्या पुरस्काराला ख्रिस्तीचंच नाव आहे. १९९० मध्ये डायेन मॉट डेव्हिडसन यांची नायिका आली: कोलोरॅडोतली केटरर, घटस्फोटित, एकटीने मुलगा वाढवणारी. २००० मध्ये जोअॅन फ्लूक यांची मिनेसोटातली बेकरीवाली हॅना आली आणि तिच्यामागून चहाची दुकानं, कॉफीहाऊस, जॅमवाल्या यांची रांगच लागली.

या बायका काय करतात ते बघा. दुकान चालवतात, हप्ते फेडतात, पहाटे उठून पीठ मळतात. गावातल्या प्रत्येकाशी त्यांचा रोज संबंध येतो, कारण प्रत्येकजण काहीतरी विकत घ्यायला येतो. खून होतो तेव्हा संशय अनेकदा त्यांच्याच पदार्थावर येतो आणि धंदा बसायची वेळ येते. त्या शोध घेतात तो चरितार्थ वाचवायला. त्यामुळे शेवटी छापलेली कृती म्हणजे एका अर्थाने त्या पदार्थाची निर्दोष सुटका असते: घ्या, करून बघा, यात काही नव्हतं.

बडोद्यातल्या मराठी घरांत ही पुस्तकं आपली का वाटतात, याला इथला स्वतंत्र इतिहास आहे. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलींनाही. शिकलेल्याच्या हातात पुस्तक पडलं पाहिजे म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं. महाराजांचा स्वतःचा सुमारे वीस हजार पुस्तकांचा संग्रह सेंट्रल लायब्ररीचा पाया झाला. पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत पाठवणारी फिरती ग्रंथालयं सुरू झाली, बायकांसाठी वेगळी व्यवस्था झाली, मुलांसाठी खेळांची खोली झाली. बॉर्डन न्यू हेवनचे, म्हणजे कॅबट कोव्ह अमेरिकेच्या ज्या न्यू इंग्लंड प्रदेशात कल्पिलं आहे त्याच भागातले. मांडवीजवळच्या त्या इमारतीत शिरताना मला दर वेळी याचं समाधान वाटतं. बाईने घराबाहेर पडून स्वतःच्या नावावर कादंबरी घ्यावी, यासाठी एका संस्थानाने एवढा खटाटोप केला होता.

आणि गाव म्हणाल तर ते इथे आहेच. बडोदं आज मोठं शहर आहे, पण मराठी बडोदं लहान आहे. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० मध्ये हा मुलूख गुजरातेत गेला, मंडळी इथेच राहिली. दांडिया बाजारात, बाबाजीपुऱ्यात आडनाव सांगितलं की लगेच “म्हणजे अमक्यांच्या वाड्यातले का?” असा प्रश्न येतो. हळदीकुंकवाला कोण आलं याहून कोण आलं नाही याची चर्चा जास्त होते, आणि ती चर्चा रिकामटेकडी नसते. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचं बिनसलंय, कुणाला मदत लागेल, हे तिथेच कळतं. मिस मार्पल यांची सारी पद्धत हीच आहे.

मराठीत या प्रकाराचे दोन्ही भाग होते आणि दोन्ही कसदार होते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंझार, काळा पहाड, धनंजय यांच्यासाठी वाचनालयांत नंबर लागायचे. छापील पाकपुस्तकांची परंपरा तर १८७५ च्या ‘सूपशास्त्रा’पासूनची. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ आलं, १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’, जी पुढे सासरी जाणाऱ्या मुलींच्या सामानात जाऊ लागली. पण अर्नाळकर बैठकीच्या खोलीत राहिले आणि ‘रुचिरा’ ओट्याशेजारच्या फळीवर. दोन्ही एका घरात असून त्यांची सोयरीक झालेली माझ्या पाहण्यात नाही. मराठी वाचकबाईला ती इंग्रजी पेपरबॅकमध्ये सापडली.

माझ्या मावशीकडे हॅनाचं पहिलं पुस्तक आहे. त्यातल्या चॉकलेट चिप कुकीच्या कृतीत कॉर्नफ्लेक्सचा चुरा घालतात. ते पान तुपाच्या बोटांनी पारदर्शक झालंय. समासात मावशीची पेन्सिल: ‘३५० फॅ. म्हणजे १७५ ते १८०’. त्याखाली ‘अंडी नकोत, शेजारी खात नाहीत. दही’. त्याखाली ‘कॉ.फ्ले.ऐवजी पातळ पोहे भाजून’. सर्वांत खाली, अधोरेखित, ‘साखर निम्मी’. त्या कुकीज मी खाल्ल्या आहेत. मिनेसोटाची ओळख त्यांना उरलेली नाही आणि त्या उत्तम लागतात. मावशी पुस्तक वाचताना खुनी कोण याचा अंदाजही त्याच पेन्सिलीने लिहिते, एकेक प्रकरण वाचून झालं की.

इंग्रजीतही आता हा प्रकार गोऱ्या खेड्यांपुरता राहिलेला नाही. २०२१ मध्ये मिया मनन्साला या लेखिकेने अमेरिकेतल्या एका फिलिपिनो कुटुंबाच्या खानावळीत खून घडवला. मावश्या-आज्यांची ती फौज, त्यांचं एकमेकींच्या स्वयंपाकावर बोलणं आणि शेवटी फिलिपिनो पदार्थांच्या कृती. घरापासून लांब वसलेला समाज आपली चव जपतो तेव्हा भांडणं आणि गुपितंही चवीभोवतीच जमतात, हे तिने नेमकं हेरलं. गुजरातेत राहून पुरणपोळीत तुरीची डाळ की हरभऱ्याची यावर वाद घालणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

बडोद्याची अशी कादंबरी मराठीत यावी असं मला फार मनापासून वाटतं. सामग्री तयार आहे. इथली सेव-उसळ आहे, जी मिसळ नव्हे. लीलो चिवडा आहे: बटाटा आणि हरभऱ्याची डाळ, हळद, आंबटगोड, आणि मुख्य म्हणजे ओलसर. कोरड्या चिवड्यासारखा तो डब्यात पडून टिकत नाही. समजा, पाहुणा सांगतोय की हा डबा मी गेल्या रविवारी आणून ठेवला होता, आणि घरातली मावशी झाकण उघडून नुसता वास घेते.