गोळा खचण्याआधी : खुब्याचा सांधा राखणाऱ्या शस्त्रक्रियांची पार्श्वभूमी

सावंतवाडी-कुडाळकडचा एखादा पाडेली जांघेत कळ येऊ लागली की आधी तेल चोळून घेतो. कळ गुडघ्यात उतरली की गुडघ्याचा एक्स-रे काढतो आणि तो स्वच्छ आला की वाताचे दुखणे समजून पुन्हा माडावर चढतो. खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवू शकते, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. पुढे मांडी घालता येईनाशी होते, होडीत उकिडवे बसून जाळे निवडणे जमत नाही, आणि मग गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात किंवा मुंबईला जाऊन एमआरआय केल्यावर ‘एव्हीएन’ (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस) हे तीन अक्षरी नाव कानावर पडते.

या विकारात मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाच्या गोळ्याचा, म्हणजे बोलीतल्या ‘बॉल’चा, रक्तपुरवठा तुटतो आणि आतले हाड मरते. या गोळ्याला रक्त पोहोचवणाऱ्या धमन्या मोजक्या आणि बारीक असल्याने त्या तुंबल्या तर दुसरी वाट फारशी उरत नाही. मांडीच्या हाडाच्या मानेचा, म्हणजे गोळ्याखालच्या निमुळत्या भागाचा, अस्थिभंग, खुब्याचा सांधा निखळणे, दीर्घकाळ किंवा मोठ्या मात्रेत घेतलेली स्टेरॉइड, अतिमद्यपान आणि सिकलसेल हा रक्ताचा आजार ही परिचित कारणे आहेत, तरी अनेकांत ठोस कारण हाती लागत नाही. मेलेले हाड लगेच ढासळत नाही. गोळा आतून पोखरला जात असताना बाहेरून काही काळ गोलच राहतो, आणि सांधा राखणाऱ्या साऱ्या शस्त्रक्रियांचा इतिहास म्हणजे या मधल्या काळाचा उपयोग करून घेण्याची धडपड आहे.

शिकागोचे डॅलस फेमिस्टर यांनी 1949 मध्ये नडगीच्या हाडाची कांब खुब्याच्या गोळ्यात ठोकून त्याला आतून टेकू देण्याची पद्धत मांडली. पुढे 1962 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी असा कृत्रिम खुबा रूढ केला. वृद्धांसाठी हा उपाय मोठाच होता. परंतु एव्हीएन बहुधा तिशी-चाळिशीतल्यांना गाठतो, आणि त्या वयात बसवलेला सांधा झिजून पुन्हा बदलावा लागण्याची धास्ती राहते. त्यामुळे मूळ सांधा राखण्याचे प्रयत्न मागे पडले नाहीत.

सर्वांत जास्त रुळलेल्या शस्त्रक्रियेचा उगम मात्र उपचारात नसून तपासणीत आहे, आणि मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत बोलका वाटतो. फ्रान्समधील तुलूझ येथे पॉल फिका आणि जाक आर्ले हे 1960 च्या दशकात निदानासाठी मांडीच्या बाजूने, हाडाच्या मानेतून गोळ्यापर्यंत पोकळ करवत नेऊन हाडाचा दंडगोल तुकडा काढत असत. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जाई आणि रुग्ण सांगत की ठणका कमी झाला. हाड ही न ताणणारी बंद पेटी असून आत दाब वाढला की रक्तवाहिन्या दबतात, आणि भोक पाडल्याने तो दाब सुटतो, असा अर्थ त्यांनी लावला. यातूनच कोअर डिकम्प्रेशन जन्मले. फिका यांनी एक्स-रेवरून टप्पेही लावून दिले. गोळ्याच्या कवचाखाली चंद्रकोरीसारखी बारीक रेघ दिसली की खचण्याची सुरुवात झाली, हे आजही विद्यार्थ्याला शिकवले जाते. ती उमटल्यावर भोके पाडून फारसा लाभ होत नाही.

पुढे 1980 च्या दशकात एमआरआय आले, आणि एक्स-रे निर्मळ असतानाच रोग ओळखता येऊ लागला. त्यानंतर आत काय भरायचे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. अमेरिकेत जेम्स अर्बेनिॲक यांनी पोटरीतले बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट खुब्यात बसवून त्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडल्या. कोलकात्याचे डी. पी. बक्षी यांनी स्नायूच्या देठासह हाडाचा तुकडा वळवून लावला आणि 1991 मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. जपानच्या योइची सुगिओका यांनी 1978 मध्ये हाड कापून गोळाच फिरवण्याची पद्धत सांगितली, जेणेकरून भार निरोगी भागावर यावा. ती जपानबाहेर तितकी यशस्वी ठरली नाही. फ्रान्सच्या फिलिप एर्निगू यांनी 2002 मध्ये कमरेच्या हाडातला मगज (अस्थिमज्जा) काढून, घट्ट करून, त्याच भोकातून सोडल्याचे निष्कर्ष मांडले.

औषधाच्या बाजूने मुंबईत संजय अगरवाला यांनी हाडांची झीज रोखणाऱ्या ॲलेन्ड्रोनेटचा उपयोग केला, तोही खचण टाळण्यासाठीच. करोनानंतर स्टेरॉइड घेतलेल्यांत एव्हीएन आढळल्याचे त्यांच्या गटाने 2021 मध्ये नोंदवले, आणि या आजाराचे नाव घरोघरी पोहोचले.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे कुबड्या वापराव्या लागतात. जांभ्याच्या निसरड्या पायऱ्यांवर, अंगण आणि पडवी वेगवेगळ्या उंचीवर असलेल्या घरात ते अवघड असते, म्हणून आमच्याकडे मंडळी लावणी आटोपून, नाहीतर “गणपतीनंतर बघूया” असे म्हणून तारीख पुढे ढकलतात. आषाढात गोल दिसलेला बॉल तेवढ्या अवधीत चपटाही होऊ शकतो.