मायफळाची शाई आणि जेफरसन यांनी पुसलेला शब्द

वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांची सुमारे २७,००० कागदपत्रे जतन केलेली आहेत. त्यांतील बरीचशी अक्षरे आज तपकिरी दिसत असली, तरी लिहिली गेली तेव्हा ती काळी होती. त्या काळची शाई ज्या वस्तूपासून बनत असे, ती आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात, ते म्हणजे मायफळ. हे नावालाच फळ. ओकच्या डहाळीवर एका बारीक कीटकाने अंडी घातल्यामुळे धरलेली ती गाठ असते. तिच्या अर्कात हिराकस, म्हणजेच लोहाचे सल्फेट, आणि थोडा बाभळीचा डिंक मिसळला की शाई तयार होते. लिहिताना ती फिकी उतरते, पण कागदाच्या तंतूंत मुरल्यावर हवेतील ऑक्सिजनमुळे तिच्यातील लोहाचे रूप पालटते आणि अक्षर काळे होते. रंग तंतूंमध्येच धरत असल्यामुळे तो सहजी पुसता येत नाही, म्हणूनच महत्त्वाच्या दस्तऐवजांसाठी या शाईला पसंती मिळाली.

तंतूंत मुरण्याचा हाच गुण पुढे कागदाच्या मुळावर येतो. शाईतील आम्ल कागदाचे तंतू ज्याचे बनलेले असतात, त्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडते आणि उरलेसुरले लोह त्यांचे ऑक्सिडीकरण वाढवते; अखेर जिथे शाई दाट बसली आहे, तिथे अक्षराच्या आकाराचे भोक पडते. (काजळीच्या शाईने लिहिलेल्या मोडी कागदांना हा रोग नसतो.) असे मोकळे लोह शिल्लक आहे का, हे पाहण्यासाठी संवर्धक रसायन लावलेली ओलसर कागदपट्टी अक्षरावर क्षणभर दाबतात, ती गुलाबी झाली की उत्तर मिळते. मग धान्याच्या कोंड्यात आढळणाऱ्या फायटिक आम्लाच्या कॅल्शियम क्षाराने ते लोह बांधून ठेवतात आणि त्यानंतर आम्ल मारतात. नुसत्या पाण्यात कागद बुडवणे धोक्याचे, कारण त्याने लोह कोऱ्या भागातही पसरू शकते.

शाई एकदा मुरली की पुसता येत नाही, हे जेफरसन यांनाही ठाऊक असणार. १७७६ मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा कच्चा मसुदा लिहिताना एक शब्द त्यांनी ओला असतानाच पुसला आणि त्याच जागी ‘नागरिक’ या अर्थाचा शब्द लिहिला. खाली काय होते, ते डोळ्यांना दिसत नव्हते. ग्रंथालयातील शास्त्रज्ञांनी अतिनील ते अवरक्त अशा वेगवेगळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात त्या जागेची छायाचित्रे घेतली. पुसलेली आणि नंतरची शाई प्रत्येक प्रकाशात थोडी वेगळी उमटते, त्या फरकावरून खालची अक्षरे सुटी करता आली. २०१० मध्ये ग्रंथालयाने तो शब्द जाहीर केला: ‘प्रजा’. राजाची प्रजा म्हणून लिहू लागलेला हात तिथेच थबकला होता. गंमत अशी की, ज्या वाक्यासाठी ही खाडाखोड झाली, ते वाक्य अंतिम जाहीरनाम्यात आलेच नाही.