हळू बोलणारं यंत्र आणि सावकाश बोलणारं यंत्र

‘हळू बोल’ आणि ‘सावकाश बोल’ हे आपण एकाच अर्थाने म्हणून टाकतो. पण ‘सावकाश’ म्हणजे स-अवकाश, मध्ये जागा सोडून. संगणकाने तयार केलेलं जपानी बोलणं वयस्क माणसांना नीट कळावं असं वाटत असेल, तर हा फरक फार मोलाचा ठरतो. जपानमध्ये 65 आणि त्यापुढच्या वयाची माणसं सुमारे 29 टक्के आहेत, आणि फोनवरच्या सूचनांपासून आपत्तीच्या इशाऱ्यापर्यंत यंत्राचा आवाज त्यांच्या कानावर पडतो.

हळू म्हणजे प्रत्येक ध्वनी ताणणं. सावकाश म्हणजे शब्दांचा वेग बराचसा तसाच ठेवून मध्ये थांबे घेणं. एकूण वेळ दोन्हींत सारखाच लागू शकतो, म्हणून दोन्ही एकच वाटतात.

जपानीत ताणणं जपून करावं लागतं, कारण तिथे लांबीवरच अर्थ ठरतो. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. ‘बिरु’ ही इमारत, ‘बीरु’ ही बिअर. ‘किते’ म्हणजे ये, ‘कित्ते’ म्हणजे टपालाचं तिकीट. आपल्या ‘मका’ आणि ‘मक्का’सारखंच. त्या जोडाक्षरात खरं तर एक चिमुकली शांतता दडलेली असते, आणि अशा बारीक शांतता टिपण्याची क्षमता वयानुसार कमी होते. सगळंच सारख्या पटीने ताणलं तर प्रमाण टिकतं. पण फक्त स्वर ताणले गेले, की मावशीची आजी होते!

थांब्याचं काम वेगळं. ताणल्याने कानाला वेळ मिळतो, थांब्याने ऐकलेलं मनात लावून घ्यायला वेळ मिळतो, आणि उतारवयात या दुसऱ्या वेळेची गरज वाढते. मात्र थांबा योग्य जागी हवा. जपानीत ‘वा’, ‘गा’, ‘ओ’ हे प्रत्यय आपल्या विभक्तीसारखे नामाला चिकटतात, म्हणून थांबायचं ते प्रत्ययानंतर. ‘घरा’ म्हणून थांबून मग ‘त’ म्हटलं तर आपल्यालाही काय कळणार? शब्द कुठे तुटतो हे चुकलं तर काय होतं, याचं जपानी मुलांनाही ठाऊक असलेलं उदाहरण आहे: ‘कोकोदे हाकिमोनो ओ नुइदे कुदासाइ’ म्हणजे इथे पादत्राणं काढा. तीच अक्षरं ‘कोकोदेवा किमोनो ओ...’ अशी वाचली, की इथे किमोनो काढा!

जपानी गावांत खांबांवरच्या भोंग्यांतून सार्वजनिक सूचना देतात. राष्ट्रीय इशारा यंत्रणा जे-अलर्ट 2007 पासून हेच भोंगे आपोआप सुरू करू शकते. तिथे थांबे भौतिकशास्त्रच मागतं. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणून दूरच्या भोंग्याचा आवाज मागाहून येऊन जवळच्यावर आदळतो. तुकड्यांमध्ये जागा सोडली तरच शब्द सुटे ऐकू येतात.

याच्या उलट वाट एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या संशोधन प्रयोगशाळेने घेतली, आणि तीही विचारपूर्वक. त्यांच्या वेग बदलणाऱ्या तंत्रात बोलण्याची सुरुवात संथ होते, पुढे वेग वाढत जातो आणि मधले विराम कापले जातात, म्हणजे ऐकणारा चालू प्रसारणाच्या मागे पडत नाही. संगणकाच्या आवाजामागे असं कुठलंच घड्याळ नसतं. म्हणून मी आधी थांबे वाढवीन, वेग त्यानंतर आणि थोडाच उतरवीन. यंत्राने मजकूर कसा वाचावा हे सांगणाऱ्या एसएसएमएल या खुणांच्या भाषेत थांबा आणि वेग यांच्या खुणा वेगवेगळ्या आहेत, तेव्हा हे सहज जमतं.

एक गोष्ट मात्र दोन्ही उपायांनी सुटत नाही. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे ध्वनी हरवतात. ‘शिची’ म्हणजे 7, ‘इची’ म्हणजे 1, आणि दोन्हींत भेद करणारा तो ‘श’ नेमका त्याच पट्टीतला. म्हणून जिथे आकडा चुकून चालणार नाही तिथे जपानी माणसं 7 साठी ‘नाना’ म्हणतात. यंत्रालाही तेच वाचायला लावावं.