हार्डवेअर घटकांचे नामकरण व दस्तऐवजीकरण

ऑपरेटिंग सिस्टीममधील ड्रायव्हरला (घटक चालवणाऱ्या प्रोग्रामला) आपला घटक अचूक ओळखता व हाताळता यावा, यासाठी त्या घटकाला दिलेली ओळख आणि त्याविषयी लिहून ठेवलेली तांत्रिक माहिती. खोक्यावर छापलेले नाव या कामी फारसे उपयोगाचे नसते. मॉडेलचे नाव तेच ठेवून आतली चिप बदलण्याचा प्रकार वाय-फाय अडॅप्टरांत सर्रास आढळतो.

पीसीआय बसवरील (संगणकातील कार्डे व चिपा जोडणाऱ्या मार्गावरील) उपकरण आपली ओळख स्वतःच सांगते. त्याच्या कॉन्फिगरेशन स्पेसच्या (ओळख व मांडणीची माहिती ठेवणाऱ्या जागेच्या) पहिल्या चार बाइटांत १६ बिटांचा उत्पादक क्रमांक आणि १६ बिटांचा उपकरण क्रमांक असतो. उत्पादक क्रमांक पीसीआय-सिग ही संघटना देते. हे क्रमांक षोडशमान (हेक्साडेसिमल) पद्धतीत लिहितात. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, तिच्या १९७८ च्या प्रोसेसरचे नावही तेच. लिनक्सवर ‘एलएसपीसीआय -एनएन’ ही आज्ञा दिली की ‘१०ईसी:८१३९’ अशी जोडी दिसते : आधी रिअलटेक, मग तिची आरटीएल८१३९ ही जुनी नेटवर्क चिप. शेजारी दिसणारे वाचनीय नाव चिपमधून येत नाही, ते ‘पीसीआय.आयडीज’ या सार्वजनिक यादीतून घेतलेले असते. यादी जुनी असली तर नुसते आकडे दिसतात, पण ड्रायव्हरचे त्यावाचून काही अडत नाही. काही ठिकाणी तर उत्पादकही पाहावा लागत नाही : ०१०८०२ हा उपकरणाचा प्रकार सांगणारा वर्ग क्रमांक दिसला की एनव्हीएमई (सॉलिड-स्टेट डिस्कांसाठीचे प्रमाण) ड्रायव्हर कोणत्याही कंपनीची डिस्क चालवतो.

यूएसबीतही उत्पादक व उत्पादन क्रमांकांची अशीच जोडी असते. मात्र क्रमांक हा काही अस्सलपणाचा दाखला नव्हे. एफटीडीआय या कंपनीच्या सीरियल चिपच्या नकला तिचाच क्रमांक लावून विकल्या जात. २०१४ मध्ये कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने अशा नकली चिपांचा उत्पादन क्रमांक शून्य करून टाकला आणि ग्राहकांची उपकरणे एकाएकी ओळखेनाशी झाली. त्यावर बराच गदारोळ झाला.

एआरएमसारख्या प्रोसेसरांच्या बोर्डांवरील अनेक घटकांना स्वतःची ओळख सांगताच येत नाही. त्यांचे वर्णन डिव्हाइस ट्री या फाइलमध्ये हाताने लिहावे लागते. तिथे ‘कंपॅटिबल’ या गुणधर्मात उत्पादकाचा उपसर्ग, स्वल्पविराम आणि चिपचे नाव येते, उदा. ‘एफएसएल,आयएमएक्स६क्यू-यूएआरटी’, त्यामागून ‘एफएसएल,आयएमएक्स२१-यूएआरटी’ हे जुन्या, सुसंगत चिपचे नाव. विशिष्ट आधी, सर्वसाधारण नंतर, असा हा क्रम असतो. नव्या चिपसाठी वेगळी तजवीज नसली तरी ड्रायव्हर मागच्या नावावर काम भागवतो. एका नावात अनेक चिपा गुंडाळण्यासाठी ‘एक्स’सारखी मोघम अक्षरे वापरू नयेत, असा संकेत आहे. तो जाचक वाटला तरी योग्यच म्हणावा लागेल, कारण त्याच साच्यात बसणारी पण वेगळ्या वागणुकीची चिप उद्या बाजारात येऊ शकते. एकदा रूढ झालेले नाव सहसा बदलत नाहीत. फ्रीस्केल २०१५ मध्ये एनएक्सपीत विलीन झाली, तरी तिचा ‘एफएसएल’ उपसर्ग कायम आहे. तो बदलला असता तर जुन्या बोर्डांच्या फाइलींना ड्रायव्हरच सापडला नसता.

कोणत्या घटकाला कोणते गुणधर्म लागतात हे लिनक्स कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) ‘बाइंडिंग’ दस्तऐवजांत नोंदवतात. पूर्वी ते साध्या मजकुरात असत. आता यामल या साचेबद्ध मजकूर-स्वरूपामुळे फाइलमधील चुका यंत्रालाच पकडता येतात. बीएसडी या युनिक्सवंशीय सिस्टीमांच्या कुळात ड्रायव्हरची माहिती मॅन्युअलच्या चौथ्या विभागात असते आणि नेटवर्क इंटरफेसचे नावही ड्रायव्हरवरूनच पडते, जसे ‘आरई’ ड्रायव्हरवरून ‘आरई०’.

रजिस्टरांची (ड्रायव्हर ज्यांतून चिपवर नियंत्रण ठेवतो त्या आतल्या कप्प्यांची) माहिती मुख्यतः उत्पादकाच्या डेटाशीटमधून, म्हणजे तांत्रिक माहितीपत्रातून, मिळते. ती गोपनीयतेच्या कराराआड असेल, तर चालू ड्रायव्हरचे वर्तन न्याहाळून रजिस्टरांचा अर्थ लावावा लागतो. डेटाशीटइतकेच महत्त्व तिच्या शुद्धिपत्राला असते : चिपच्या कोणत्या आवृत्तीत कोणता दोष आहे हे त्यात दिलेले असते आणि ड्रायव्हर आवृत्ती क्रमांक वाचून तेवढ्यापुरती पळवाट काढतो.