७ कोटी ८० लाख वर्षांचं काम, पापणी लवायच्या आत

खरचटलेल्या जागेवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब पडला की क्षणात पांढरा फेस उसळतो. (जखमेवर ते सर्रास वापरू नये असं आता डॉक्टर सांगतात, कारण जंतूंबरोबर आपल्या धडधाकट पेशीही त्याने पोळतात.) तोच द्रव बंद बाटलीत मात्र महिनोन्‌महिने गप्प बसलेला असतो. तिथेही तो मोडत असतोच, पण इतक्या सावकाश की आपल्याला कळत नाही. मग त्वचेवर असं काय घडतं? फुटलेल्या पेशींमधून आणि रक्तातून बाहेर आलेलं कॅटलेज नावाचं विकर, म्हणजेच एन्झाइम, त्याला भेटतं. कॅटलेजचा एकेक रेणू दर सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. उरतं पाणी आणि ऑक्सिजन, आणि फेसातले बुडबुडे त्या ऑक्सिजनचेच. कॅटलेज स्वतः मात्र होतं तसं राहतं आणि पुढच्या रेणूकडे वळतं. हे विकर आपल्या पेशींना रोजच लागतं, कारण ऑक्सिजन वापरता वापरता पेशी स्वतःच थोडंथोडं पेरॉक्साइड तयार करत असतात.

विकर अशक्य ते शक्य करून दाखवत नाही. जे कधी ना कधी होणारच आहे, ते वेळेत घडवून आणतं. साखरेचंच बघा. साखर आणि हवेतला ऑक्सिजन यांचा संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं आणि भरपूर ऊर्जा सुटते. उताराची वाट आहे ती. तरीही बरणीतली साखर वर्षानुवर्षं हवेत राहून साखरच राहते, कारण उतार सुरू होण्याआधी एक चढ आहे. जुने बंध सैल करायलाच आधी थोडी ऊर्जा लागते. तिला सक्रियण ऊर्जा म्हणतात. प्रयोगशाळेत आपण खाली बर्नर लावतो आणि रेणूंना तो चढ चढायला लावतो. शरीराला ती सोय नाही, त्याला ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच सगळा संसार करायचा आहे.

विकर इथे खिंडीचं काम करतं. डोंगरापलीकडचं गाव तेच, अलीकडचंही तेच, फक्त माथ्यावरून जाण्याऐवजी खिंडीतून जायचं. आणि खिंड दोन्ही बाजूंनी खुली असते. अभिक्रिया अखेर कुठे स्थिरावणार, हे विकराच्या हातात नसतं. तिथवर किती लवकर पोचायचं, एवढंच ते ठरवतं.

‘एवढंच’ म्हटलं खरं, पण त्याचं मोल एका आकड्यावरून कळतं. आरएनएचा एक घटक तयार होताना शेवटच्या पायरीवर एका रेणूतून कार्बन डायऑक्साइड निघून जावा लागतो. साध्या पाण्यात, २५ अंश तापमानाला हे आपोआप घडायची वाट पाहिली, तर निम्मे रेणू बदलायला सुमारे ७ कोटी ८० लाख वर्षं लागतील. तितकी वर्षं मागे गेलो तर पृथ्वीवर डायनोसॉर फिरताना दिसतील. विकर सोबत असलं की तेच काम सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत उरकतं. विकरांवर मी कितीही वाचलं तरी या आकड्यापाशी थबकतोच. जीवन असण्या-नसण्याचा प्रश्न रसायनात शेवटी वेळेचा प्रश्न होतो, हे मला तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

आता ही खिंड असते कुठे? ती असते रेणूच्या आकारात. सजीवांचे मोठे रेणू ढोबळमानाने चार घराण्यांचे: कर्बोदकं, मेद, प्रथिनं आणि केंद्रकाम्लं. मेद पाण्यापासून फटकून राहतात आणि त्यांच्याच एका नातलगापासून पेशींचं पटल बनतं. डीएनए आणि आरएनए ही केंद्रकाम्लं माहिती जपतात, पुढे पोचवतात. आकाराची गोष्ट कळायला मात्र कर्बोदकांसारखा गुरू नाही. पिष्ट म्हणजे स्टार्च, आणि कापसाचा धागा म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज. दोन्ही ग्लुकोजच्या मण्यांच्याच माळा. पिष्टात सगळे मणी एकाच बाजूने ओवलेले असतात, म्हणून माळेला पीळ बसतो. सेल्युलोजमध्ये एक मणी सुलटा, पुढचा पालथा. त्यामुळे माळ सरळसोट राहते आणि अशा माळा एकमेकींना बिलगून चिवट तंतू होतो. फरक काय तो जोडाच्या कोनाचा. पण आपल्या लाळेतलं अमायलेज पिष्टाचा जोड तोडतं आणि सेल्युलोजच्या जोडाला हातही लावत नाही.

हे डोळ्यांनी बघता येतं. परीक्षानळीत पिष्टाचं पातळ पाणी घेऊन त्यात आयोडीनचा थेंब टाकला की गर्द निळा रंग येतो, कारण आयोडीन त्या पिळाच्या पोकळीत जाऊन बसतं. आता थोडी लाळ घाला आणि नळी तळहातात धरून ऊब द्या. काही मिनिटांत निळा जांभळट होतो, मग तपकिरी, आणि शेवटी आयोडीनचा स्वतःचा फिकट पिवळा रंग तेवढा उरतो. माळ तुटली, पीळ गेला, आयोडीनला घर उरलं नाही. दुसऱ्या नळीत मात्र आधी उकळून गार केलेली लाळ घाला. निळा रंग हलत नाही.

उकळल्याने काय बिघडलं? बहुतेक विकरं ही प्रथिनं असतात. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी पेशीत तयार होते आणि स्वतःभोवती दुमडत जाऊन तिची एक ठरावीक घडी बसते. त्या घडीत एक खाच असते आणि सारं काम त्या खाचेत चालतं. उष्णतेने साखळी तुटत नाही, घडी मोडते.

घडीचं महत्त्व बघायचं तर लायसोझाइम बघावं. अश्रूंमध्ये, लाळेत, अंड्याच्या पांढऱ्या बलकात असणारं हे विकर जिवाणूंच्या भिंतीतल्या शर्करेच्या माळा कापतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि १९६५ मध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने क्ष-किरणांच्या मदतीने पांढऱ्या बलकातल्या लायसोझाइमची पूर्ण रचना उलगडली. एखाद्या विकराची घडी माणसाने पाहिली ती तेव्हा पहिल्यांदा. साखळी १२९ अमिनो आम्लांची. तिच्या खाचेत शर्करेचे सहा मणी बसतात आणि चौथ्या-पाचव्या मण्यामधला जोड तुटतो. तोडणारी अमिनो आम्लं मुख्यतः दोन, ३५ व्या आणि ५२ व्या जागेवरची. साखळी सरळ पसरली तर ती एकमेकांपासून दूर आहेत. घडी बसली की ती खाचेच्या दोन काठांवर समोरासमोर येतात, आणि कापायचा जोड नेमका त्यांच्या मध्ये.

एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकराला कुलपाची उपमा दिली होती: योग्य किल्लीच आत शिरणार. १९५८ मध्ये डॅनियल कोशलँड यांनी ती सुधारली. हात घातला की हातमोजा आकार घेतो, तसं विकरही समोरचा रेणू आला की थोडं वळतं, सरकतं, त्याला आवळून धरतं.

विकरं प्रथिनं असतात, हे मात्र सहजासहजी कुणी मान्य केलं नाही. जेम्स सम्नर यांनी १९१७ मध्ये एका जातीच्या शेंगेच्या बियांमधून युरिएज हे युरिया मोडणारं विकर शुद्ध करायला घेतलं. ते जन्मतः डावखुरे, आणि सतराव्या वर्षी शिकारीत अपघाताने गोळी लागून त्यांचा डावाच हात कोपराखाली गेलेला. नऊ वर्षांनी, १९२६ मध्ये, थंडीत ठेवलेल्या अर्कात सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना बारीक स्फटिक दिसले. ते प्रथिनाचे होते आणि युरियाही मोडत होते. तरी रिचर्ड विलश्टेटर यांच्यासारखे दिग्गज ऐकेनात. त्यांच्या द्रावणात विकराचं काम दिसे, पण प्रथिनाचा मागमूस लागत नसे. खरी गोम वेगात होती. विकर इतक्या झपाट्याने काम करतं की अगदी नाममात्र पुरतं, आणि तेवढं प्रथिन पकडण्याइतक्या त्या काळच्या चाचण्या सूक्ष्म नव्हत्या. सम्नर यांना नोबेल मिळालं ते १९४६ मध्ये. पुढे १९८० च्या दशकात काही आरएनए रेणूही विकरांसारखं काम करतात असं आढळलं, म्हणूनच वर ‘बहुतेक’ म्हटलं.

घडी किती नाजूक असते हे सयामी मांजराच्या अंगावरच लिहिलेलं असतं. त्याच्या शरीरात काळा रंग तयार करायला लागणारं टायरोसिनेज हे विकर जनुकातल्या छोट्या बदलामुळे कच्चं निघतं. शरीराच्या नेहमीच्या उबेत ते नीट चालत नाही, जरा गारव्यात चालतं. म्हणून आईच्या पोटातल्या उबेतून आलेली पिल्लं जवळजवळ पांढरी असतात. मग दिवसागणिक कान, नाक, पंजे आणि शेपटीचं टोक, जिथे जिथे अंग थोडं थंड असतं, तिथे तिथे रंग गडद होत जातो, आणि पोट तेवढं फिकटच राहतं.