९४ चा आकडा आणि तुटलेली तपकिरी तार

चोपड्याजवळ माझ्या मावसभावाची केळीची बाग आहे. मे महिन्यात त्याच्याकडे गेलो, तर चहा व्हायच्या आधीच तो म्हणाला, "नेट भलतं हळू चाली राह्यनं भाऊ." केबल जुनी झाली, ठिबकची नळी क्षारांनी चोंदते तशी तीही चोंदली असणार, हे त्याचं निदान.

जळगाव जिल्ह्यात ठिबक घरोघरी ओळखीचं, त्यामुळे ही उपमा लगेच पटते. पण ती चुकीची आहे. केबल हळूहळू चोंदत नाही. घरातल्या साध्या उपकरणांत केबलचा वेग पायऱ्यांनी उतरतो: सेकंदाला १००० मेगाबिट, ते जमलं नाही तर १००, तेही नाही तर १०. मधली पायरीच नाही. (केबलमध्ये गोंगाट शिरून माहितीची पाकिटं गळतात, तो आजार वेगळा.)

भावाचा प्लॅन ३०० मेगाबिटचा. राउटरशेजारी मोबाइल धरला की अडीचशेच्या वर जायचा. वरच्या खोलीतला केबल जोडलेला संगणक मात्र ९४. पुन्हा मोजलं, पुन्हा ९४. हा आकडा पाहिला की मला अर्धं उत्तर मिळतं. तारेवरून जाणारं पूर्ण पाकीट, मागचा-पुढचा रिकामा वेळ धरून, १५३८ बाइटची जागा घेतं. त्यात पत्ते, तपासणीचे आकडे वगैरे वजा जाता आपला खरा माल साधारण १४५० बाइट. म्हणजे १०० मधले ९४-९५. जोडणी १०० च्या पायरीवर उतरली होती, हे तिथेच कळलं.

का उतरली? केबलच्या आत ८ तारा, दोन-दोन पिळलेल्या अशा ४ जोड्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० ला पहिल्या दोनच पुरतात. १९९९ मध्ये मंजूर झालेल्या गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटच्या, मानकाला चारही लागतात. प्रत्येक जोडीवर सेकंदाला साडेबारा कोटी खुणा, एका खुणेत २ बिट, म्हणजे जोडीमागे २५० मेगाबिट.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. केबल लावल्याबरोबर माहिती धावत नाही, आधी बोलणी होतात. दोन्ही टोकं साधारण दर १६ मिलिसेकंदांनी बारीक विद्युत ठोक्यांचा एक झुबका सोडतात. झुबक्यात ३३ जागा. विषम जागांवरचे १७ ठोके ताल धरतात, ते कायम असतात. मधल्या १६ जागांत ठोका असला तर १, नसला तर ०. या १६ बिटांत 'मला १०० जमतं, मला एकाच वेळी बोलता-ऐकता येतं, मला अजून सांगायचंय' असा मजकूर असतो. 'अजून' आलं की पुढच्या झुबक्यांत गिगाबिटचा विषय निघतो, कोणाच्या घड्याळावर चालायचं तेही ठरतं. मग दोघांना जमणारा सगळ्यात वरचा वेग पक्का होतो.

पण ही पद्धत १९९५ ची, दोन जोड्यांच्या काळातली. म्हणून आजही ही सगळी बोलणी नारिंगी आणि हिरव्या जोडीवरूनच चालतात. निळी-तपकिरी शाबूत आहेत का, हे कोणी तपासलेलंच नसतं! १००० वर एकमत होतं, चारही जोड्यांवर जुळवणी सुरू होते, तपकिरीवरून काहीच येत नाही, सगळं मोडतं. पुन्हा बोलणी, पुन्हा १०००, पुन्हा मोडतं. काही खेपांनंतर बऱ्याच चिप आपणहून १००० चा दावा सोडतात आणि १०० वर स्थिरावतात. ही सोय नसलेल्या चिपमध्ये पोर्टचा, म्हणजे केबल खोचायच्या खाचेचा, दिवा नुसता लागत-विझत राहतो.

भावाला कोणीतरी राउटर आग्नेयेला हलवायला सांगितलं होतं, आणि त्याने तो हलवलाही होता. दिशेने तांबं सांधत नाही. 'स्पीड बूस्टर' सॉफ्टवेअरनेही नाही. महागडी 'कॅट ८' केबलही घरात लागत नाही, १०० मीटरपर्यंत गिगाबिटला साधी 'कॅट ५ई' पुरते. फक्त तारा निखळ तांब्याच्या हव्यात. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम स्वस्त मिळतं, पण वाकवलं की लवकर मोडतं.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, इथरनेट असं जाऊन 'लिंक स्पीड' पाहिला: १००/१००. राउटरचे पोर्ट गिगाबिटचे आहेत ना, ते आधी पाहिलं, कारण स्वस्त राउटरचे पोर्टच १०० चे असतात आणि मग केबलला दोष देण्यात अर्थ नसतो. मग दुसरी केबल लावून पाहिली: १०००. जुनी केबल गच्चीवरून येऊन लोखंडी खिडकीच्या फटीतून आत शिरत होती. खिडकी रोज तिच्यावर आपटत होती. तिथे सोलून पाहिलं, तर तपकिरी जोडीतली एक तार तुटलेली.

तेवढा तुकडा कापून टाकला, टोकाला नवा कनेक्टर बसवला. रंगांचा क्रम दुसऱ्या टोकासारखाच ठेवला, आणि जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडला नाही. संगणकावर २८० आले. संध्याकाळी भावाने भिंतीला भोक पाडलं आणि उरलेल्या ठिबकच्या नळीचा तुकडा त्यात बसवून केबल त्यातून आत घेतली.