माणसे पाहून लिहिलेले संगीत : ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची पार्श्वभूमी

१८९९ मध्ये वॉशिंग्टन येथे जन्मलेले अमेरिकी जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाला डिसेंबर १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील कॉटन क्लबमध्ये कायमचे काम मिळाले. वस्ती कृष्णवर्णीयांची, मंचावरचे कलावंतही कृष्णवर्णीय. श्रोत्यांत प्रवेश मात्र गोऱ्यांनाच, अशी तेथील रीत होती. तरीही सतत नव्या नाचांसाठी संगीत लिहिण्याची सक्ती आणि रेडिओवरून देशभर होणारे प्रक्षेपण, या दोन गोष्टींनी त्यांच्यातला रचनाकार घडवला.

ट्रम्पेटवादक बबर माइली आणि ट्रॉम्बोनवादक जो नॅन्टन हे तुंबलेली मोरी मोकळी करण्याच्या रबरी वाटीने वाद्याचे तोंड झाकून-उघडून गुरगुरणारा, जवळजवळ माणसासारखा बोलणारा सूर काढत, आणि एलिंग्टन यांनी तो केवळ गंमत म्हणून न वापरता रचनेचा पायाच केला. पुढेही त्यांनी लिहिले ते वाद्यासाठी नव्हे, ते वाजवणाऱ्या विशिष्ट माणसासाठी. साहजिकच ती माणसे टिकवणे भाग होते. मोठे वाद्यवृंद चालवणे परवडेनासे झाले, तेव्हा ते आपल्या गाण्यांच्या मानधनातून वादकांचे पगार भागवत राहिले. बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवणारे हॅरी कार्नी १९२७ मध्ये आले ते १९७४ मध्ये एलिंग्टन यांचे निधन होईपर्यंत सोबत होते.

१९३९ मध्ये रचनाकार बिली स्ट्रेहॉर्न येऊन मिळाले. १९४१ मध्ये मानधनाच्या वादामुळे एलिंग्टन यांच्या रचना रेडिओवरून वाजेनाशा झाल्यावर स्ट्रेहॉर्न यांचे ‘टेक द ए ट्रेन’ हीच वाद्यवृंदाची ओळख बनली. १९४३ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये सादर झालेली ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’ ही कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या इतिहासावरची दीर्घ रचना समीक्षकांना पचली नाही. १९५६ च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात वाद्यवृंदातील टेनर सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विस यांनी एकाच बंधावर सलग २७ आवर्तने वाजवली आणि ओसरलेली लोकप्रियता परतली. ज्या दोन रचनांच्या मध्ये हे वादन झाले, त्या मात्र १९३७ सालच्या होत्या.

१९६३ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यात हा वाद्यवृंद मुंबईसह भारतातील काही शहरांत वाजवून गेला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येमुळे दौरा अर्धवट राहिला, तरी त्यातून ‘फार ईस्ट स्वीट’ ही मालिका निघाली. नावात अतिपूर्व असले, तरी तिच्यात आग्रा आहे आणि दिल्लीत ऐकलेल्या मैनेची शीळही आहे. तिच्यातली सर्वांत गाजलेली ‘इस्फाहान’ ही रचना मात्र स्ट्रेहॉर्न यांनी दौऱ्यापूर्वीच, वेगळ्या नावाने लिहून ठेवली होती. तिच्यात जे घुमते ते इराणचे शहर नसून वाद्यवृंदातील जॉनी हॉजेस यांचा ऑल्टो सॅक्सोफोन आहे.